परीक्षेचं वेळापत्रक झोपेपासून आखा

माझ्या पहिल्या मोठ्या परीक्षेच्या आदल्या रात्री मी झोपलेच नाही. पहाटे तीनच्या सुमाराला राहिलेलं एक प्रकरण वाचून काढलं आणि सकाळी पेपरात नेमका त्यावरच मोठा प्रश्न आला. उत्तर डाव्या पानावर, खालच्या कोपऱ्यात, आकृतीच्या शेजारी आहे इतकं लख्ख आठवत होतं. आकृतीत काय होतं ते मात्र शेवटपर्यंत आठवलं नाही. घरी येऊन तीन तास झोपले, उठून पुस्तक उघडलं, तर दोन ओळी वाचताच सगळं प्रकरण डोळ्यांपुढे आलं.

पुढे बरीच वर्षं परीक्षेला बसणाऱ्या मुलामुलींबरोबर काम करताना हाच प्रकार पुन्हा पुन्हा पाहिला. अभ्यास झालेला असतो, पण तो कागदावर उतरवणारं डोकं आणि शरीर दमून गेलेलं असतं. पहिल्यांदाच अशा परीक्षेला बसणार असाल तर हे तुमच्यासाठी आहे. पायऱ्या क्रमाने घ्या. पहिल्या दोन घट्ट बसल्याशिवाय पुढच्यांचा फारसा उपयोग होत नाही, असा माझा अनुभव आहे.

पायरी १: आपला ताण कसा दिसतो ते बघा

छातीत धडधड, तळहाताला घाम, पोटात गोळा, घास घशाखाली न उतरणं. ही लक्षणं घाबरवतात, पण त्यामागचं काम साधं आहे. संकट दिसलं की शरीर अॅड्रेनालिन सोडतं, पाठोपाठ कॉर्टिसॉल हे ताणाचं संप्रेरक वाढतं. हृदय स्नायूंकडे जास्त रक्त ढकलतं आणि पचनाचं काम मागे पडतं. लढायला किंवा पळायला ही तयारी उत्तम, पण परीक्षेत ना लढायचं असतं ना पळायचं. तीन तास एका जागी बसून विचार करायचा असतो.

थोडा ताण मात्र उपयोगाचा असतो. १९०८ साली रॉबर्ट यर्क्स आणि जॉन डॉडसन यांनी उंदरांवर प्रयोग केले. चूक झाली की उंदरांना विजेचा हलका किंवा जोराचा झटका बसायचा. काम सोपं असताना जोराच्या झटक्यानेही उंदीर लवकर शिकले. काम अवघड झालं तेव्हा मध्यम झटकाच सर्वांत चांगला ठरला, जोराच्या झटक्याने शिकणं उलट लांबलं. माणसांच्या परीक्षेला हे जसंच्या तसं लावता येत नाही. तरी मुलांमध्ये मला असंच काहीसं दिसतं: घाबरलेल्या अवस्थेतही व्याख्या लिहिता येतात, पण अनेक टप्प्यांचं गणित किंवा मुद्द्यांची जुळणी करून लिहायचं उत्तर विस्कटतं.

आठवडाभर रोज रात्री वहीत दोनच ओळी लिहा: आज झोप किती झाली, आणि शरीरात कुठे काय जाणवलं. कुणाचं डोकं दुखतं, कुणाचं पोट बिघडतं, कुणी घरच्यांवर खेकसतं. सात दिवसांत तुमचा नमुना दिसू लागेल. एक फरक जरूर टिपा. अभ्यासाला बसल्यावर पंधरा-वीस मिनिटांत जो ताण उतरतो तो नेहमीचा. बसल्यावरही जो वाढतच जातो त्याबद्दल पुढे वेगळं लिहिलं आहे.

पायरी २: कागदावर सगळ्यांत आधी झोप मांडा

बहुतेक जण वेळापत्रक करताना आधी विषय लिहितात, मग शाळा-कॉलेज-क्लास, आणि उरेल ती झोप. हे उलटं करा. एका कागदावर चोवीस तासांचे रकाने आखा आणि त्यात सर्वांत आधी झोपेचे तास रंगवून टाका. १३ ते १८ वयाच्या मुलांना ८ ते १० तास लागतात, त्यापुढच्या वयात निदान ७. ते रंगवल्यावर जे उरेल, तेवढाच तुमचा दिवस आहे.

हे ऐकून जवळजवळ प्रत्येक जण म्हणतो, ‘पण मग पोर्शन कसा पूर्ण होणार?’ तळमळ खरी आहे, पण हिशोब चुकीचा आहे. जे दिवसा वाचलं ते मेंदू झोपेत पक्कं करतो. गाढ झोपेत दिवसाच्या आठवणी पुन्हा घोळवल्या जातात आणि हळूहळू टिकाऊ जागी पोचतात. १९२४ मध्ये जेनकिन्स आणि डॅलेनबाख यांनी दोन विद्यार्थ्यांना अर्थहीन अक्षरांच्या याद्या पाठ करायला दिल्या. पाठांतरानंतर तेवढेच तास जागं राहण्यापेक्षा झोपून उठल्यावर त्यांना बरंच जास्त आठवलं. म्हणजे जागरण करून तुम्ही दोन तासांचा अभ्यास मिळवता आणि आधीच्या सहा तासांचा कच्चा ठेवता.

दुसरा हिशोब जागेपणाचा. सलग १७ ते १९ तास जागं राहिलेल्या माणसाची प्रतिक्रिया आणि अचूकता रक्तात ०.०५ टक्के दारू असलेल्या माणसाइतकी किंवा त्याहून वाईट होते, हे तपासून पाहिलेलं आहे. सकाळी सहाला उठलात तर रात्री अकरालाच सतरा तास भरतात. त्यानंतरचं वाचन कोणत्या अवस्थेत होतं याचा विचार करा.

आता प्रत्यक्षात काय करायचं ते. उठण्याची वेळ ठरवा आणि सुट्टीच्या दिवशीही ती फार हलू देऊ नका. झोपण्याच्या वेळेपेक्षा उठण्याची वेळ सांभाळणं सोपं जातं, आणि रात्रीची झोप आपोआप तिच्यामागे येते. उठल्यावर थोडा वेळ उघड्यावर, उजेडात जा. झोप पुढे सरकलेली असेल तर एकदम दोन तास मागे ओढू नका, दर दोन-तीन दिवसांनी पंधरा मिनिटं ओढा. परीक्षा सकाळची असेल तर हे काम निदान दोन आठवडे आधी सुरू करा.

इथे आईवडिलांनाही एक सांगायचं आहे. किशोरवयात शरीराचं घड्याळच उशिराकडे झुकतं. सोळा वर्षांच्या मुलाला रात्री लवकर झोप न येणं हा आळस नाही आणि हट्टही नाही.

अंथरुणावर पडलं की उद्याची कामं डोक्यात फिरू लागतात, ही तक्रार फार जणांची असते. त्यावर एक साधा उपाय आहे. झोपण्याआधी पाच मिनिटं उद्याच्या कामांची यादी लिहायची. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात अशी यादी लिहिणारे लोक झालेल्या कामांची यादी लिहिणाऱ्यांपेक्षा लवकर झोपले, आणि यादी जितकी नेमकी तितकी झोप लवकर आली. ‘रसायनशास्त्र करणे’ असं लिहू नका. ‘प्रकरण ४, शेवटची सहा उदाहरणं’ असं लिहा. एवढं करूनही वीसेक मिनिटांत झोप लागली नाही तर उठा, मंद उजेडात काहीतरी शांत करा, डोळे जड झाल्यावरच परत या. तळमळत पडून राहिलं की अंथरुणाचीच धास्ती बसते.

दुपारची डुलकी घ्यायची तर वीस मिनिटांची. तासाभराने उठलात तर गाढ झोपेतून बाहेर येताना डोकं बराच वेळ जड राहतं.

पायरी ३: दिवसाचे तुकडे पाडा

१९८० च्या दशकाच्या अखेरीस फ्रान्चेस्को चिरिल्लो नावाच्या विद्यार्थ्याने टोमॅटोच्या आकाराचं स्वयंपाकघरातलं टायमर घेऊन २५ मिनिटं काम आणि ५ मिनिटं विश्रांती असा बेत आखला. आज तो जगभर वापरला जातो. वाचन, पाठांतर, टिपणं काढणं यांना तो छान लागू पडतो. गणितं किंवा दीर्घोत्तरं सोडवताना मात्र २५ मिनिटांनी उठलं की धागा तुटतो. तिथे ५० मिनिटं आणि १० मिनिटं बसवा.

विश्रांतीत जागेवरून उठा. मोबाइल हातात घेतलात तर ती विश्रांती होत नाही, डोळे आणि डोकं दोन्ही कामालाच लागलेले राहतात. आणि आठवड्यातला एक अर्धा दिवस पूर्ण कोरा ठेवा. काहीतरी राहणारच आहे, कधी ताप येईल, कधी घरी पाहुणे येतील. तो अर्धा दिवस नसला की एका दिवसाची चूक सगळ्या आठवड्यावर पसरते आणि मुलं वेळापत्रकच फाडून टाकतात.

पायरी ४: पुस्तक मिटा

सगळ्यांत जास्त ताण याच पायरीवर उतरतो, असं मी पाहिलं आहे.

परीक्षेची भीती बहुतेक वेळा धूसर असते. ‘माझं काहीच झालेलं नाही’ असं वाटत राहतं. नेमकं काय झालेलं नाही असं विचारलं तर सांगता येत नाही. कारण आपण वाचतो, पुन्हा वाचतो, खुणा करतो. तिसऱ्या वाचनाला मजकूर ओळखीचा वाटतो आणि आपल्याला वाटतं, येतंय. पण ओळखीचं वाटणं वेगळं आणि आठवणं वेगळं. परीक्षेत पुस्तक समोर नसतं. डावं पान आणि खालचा कोपरा आठवून मला जे मिळालं नाही ते हेच.

२००६ साली हेन्री रोडिगर आणि जेफ्री कार्पिके यांनी विद्यार्थ्यांना उतारे दिले. काहींनी ते पुन्हा वाचले, काहींनी न बघता आठवून लिहिले. पाच मिनिटांनी घेतलेल्या चाचणीत पुन्हा वाचणारे पुढे होते. दोन दिवसांनी आणि आठवड्यानंतर मात्र आठवून लिहिणारे पुढे गेले. म्हणून आठवून लिहिताना आज खूप अडलात, तरी आपलं काही चुकतंय असं समजू नका. लक्षात राहणं त्या अडण्यातूनच घडतं.

करायचं असं. एक भाग वाचून झाला की पुस्तक मिटा. कोऱ्या कागदावर जे आठवेल ते लिहा, आकृतीसकट, मोडकंतोडकं चालेल. मग पुस्तक उघडा आणि सुटलेलं लाल पेनाने भरा. ते लाल मुद्दे एका वेगळ्या पानावर उतरवा. ही तुमची खरी यादी. ‘काहीच झालेलं नाही’ याच्या जागी आता ‘अकरा गोष्टी अडतात’ असं वाक्य येतं, आणि अकरा गोष्टींना माणूस हात घालू शकतो. यादी करताना मुलांचे खांदे खाली येताना मी पाहिले आहेत.

यादीतल्या मुद्द्यांकडे दुसऱ्या दिवशी परत या, मग तीन-चार दिवसांनी, मग आठवड्याने, मग तीन आठवड्यांनी. हेर्मान एबिंगहाउसने स्वतःवरच प्रयोग करून १८८५ मध्ये दाखवलं होतं की विसरणं सुरुवातीला झपाट्याने होतं आणि नंतर मंदावतं. म्हणून पहिल्या उजळण्या जवळजवळ आणि पुढच्या लांब लांब. एका दिवशी पाच तास एकच विषय घोकण्यापेक्षा पाच दिवस रोज एकेक तास दिलेला बरा.

महिनाभर आधीपासून दर आठवड्याला एक सराव पेपर सोडवा: घड्याळ लावून, एका बैठकीत, जमल्यास परीक्षेच्याच वेळेला. पहिल्या पेपरात वेळ पुरणार नाही. तेव्हा घाबरायचं नाही, फक्त कोणत्या प्रश्नाला किती मिनिटं गेली ते समासात लिहायचं.

पायरी ५: हालचाल, डोळे, मान

५ ते १७ वयाच्या मुलांनी दिवसाला सरासरी ६० मिनिटं आणि मोठ्यांनी आठवड्याला निदान १५० मिनिटं दम लागेल अशी हालचाल करावी, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. परीक्षेच्या दिवसांत तेवढी जमली नाही तर दहा-दहा मिनिटांचं झपाझप चालणं तीनदा करा. नुकतंच वाचलेलं चालताना मनात आठवून पाहा, दोन्ही कामं होतील.

स्क्रीनकडे बघताना पापण्या कमी लवतात आणि डोळे कोरडे पडतात. दर २० मिनिटांनी साधारण ६ मीटर लांबच्या वस्तूकडे २० सेकंद बघा आणि मुद्दाम पापण्या मिटा. पुस्तक टेबलावर सपाट ठेवण्यापेक्षा थोडं तिरकं टेकवून ठेवलं की मान वाचते. अंथरुणात लोळून अभ्यास करू नका. पाठ दुखते, शिवाय अंथरूण झोपेसाठी आहे हेच शरीर विसरतं.

पायरी ६: खाणं आणि चहा-कॉफी

मेंदूचं वजन शरीराच्या सुमारे २ टक्के असलं तरी विश्रांतीच्या वेळी लागणाऱ्या ऊर्जेतला जवळजवळ पाचवा हिस्सा तो वापरतो. यावरून ‘अभ्यास करतोय, गोड खाऊ दे’ असा अर्थ काढू नका. अवघड विचार करताना हा वापर फारसा वाढत नाही. गरज असते ती वेळेवर, नेहमीच्या खाण्याची. जेवण टाळून नंतर एकदम पोट भरलं की सुस्ती येते. पाण्याची बाटली टेबलावरच ठेवा. परीक्षेच्या आठवड्यात कोणताही नवा पदार्थ करून बघू नका.

कॅफिनबद्दल जरा सावकाश. दिवसभर मेंदूत अॅडेनोसिन साचत जातं आणि त्याने झोप येते. कॅफिन त्याची जागा अडवतं, म्हणून जाग आल्यासारखं वाटतं. थकवा मात्र तसाच राहतो. घेतलेल्या कॅफिनपैकी निम्मं शरीरातून जायला साधारण पाच तास लागतात, काहींना त्याहून जास्त. संध्याकाळी सहाला घेतलेल्या कॉफीचा अर्धा भाग रात्री अकरालाही अंगात असतो. युरोपीय अन्नसुरक्षा यंत्रणेच्या मते निरोगी प्रौढांना दिवसाला ४०० मिलिग्रॅमपर्यंत कॅफिन चालतं. मुलांसाठी हाच हिशोब दर किलो वजनामागे ३ मिलिग्रॅम, म्हणजे ५० किलोच्या मुलाला १५०. कडक कॉफीच्या दोन कपांत ते संपतं. दुपारनंतर घेऊ नका आणि एनर्जी ड्रिंकला हात लावू नका. जागं राहण्याच्या किंवा लक्ष लागण्याच्या गोळ्या दुसऱ्याच्या चिठ्ठीवरून घेणं धोक्याचं आहे. मित्राने दिल्या तरी नाही म्हणा.

पायरी ७: घाबरायला झालं तर

नाकाने चार मोजत श्वास आत, सहा मोजत हळू बाहेर. पाच मिनिटं. श्वास सोडताना हृदयाचा वेग किंचित कमी होतो, म्हणून बाहेरचा श्वास लांबवायचा. ही गोष्ट परीक्षेच्या हॉलमध्ये पहिल्यांदा करून बघू नका. महिनाभर रोज अभ्यासाला बसण्याआधी केलीत, तर हॉलमध्ये शरीराला ती ओळखीची वाटेल.

दुसरा उपाय लिहिण्याचा. २०११ मध्ये जेरार्डो रामिरेझ आणि सियान बायलॉक यांनी दाखवलं की परीक्षेच्या लगेच आधी दहा मिनिटं मनातल्या काळज्या कागदावर लिहिल्याने, विशेषतः जास्त घाबरणाऱ्या विद्यार्थ्यांचे गुण सुधारले. नंतरच्या सगळ्या प्रयोगांत असाच निकाल आला असं नाही, पण नुकसान काही नाही. सराव पेपरच्या आधी करून बघा. ‘मला भीती वाटते की…’ इथून सुरुवात करा आणि लिहून झालं की कागद फाडून टाका.

‘शांत हो, शांत हो’ असं स्वतःला बजावून मात्र फारसं काही होत नाही. धडधडणारं हृदय हुकमाने थांबत नाही. ‘मी तयार आहे, माझं अंग सज्ज झालंय’ असं म्हणणं जास्त सोपं जातं, कारण धडधड तशीच राहिली तरी तिचा अर्थ बदलतो.

पायरी ८: माणसं

‘तुझं किती झालं?’ हा प्रश्न विचारू नका आणि त्याचं उत्तरही देऊ नका. समोरचा कधी वाढवून सांगतो, कधी लपवतो, आणि तुमची संध्याकाळ जाते. ज्या ग्रुपवर रात्री अकराला महत्त्वाच्या प्रश्नांच्या याद्या फिरतात तो परीक्षेपुरता म्यूट करा. अभ्यासाच्या वेळी मोबाइल दुसऱ्या खोलीत. दिवसातून एकदा मात्र आपल्या माणसाशी परीक्षा सोडून कशाबद्दल तरी बोला.

घरच्यांनी ‘किती झालं?’ ऐवजी ‘आज काय अवघड गेलं?’ असं विचारावं. पहिल्या प्रश्नावर मुलं खोटं बोलायला शिकतात. दुसऱ्यावर बोलू लागतात.

पायऱ्या बाजूला ठेवा आणि मदत घ्या, जर…

दोन आठवड्यांहून जास्त काळ झोप किंवा भूक बिघडलेली असेल, रोज रडू येत असेल, आवडीच्या कशातच मन लागत नसेल, अचानक श्वास कोंडून छाती भरून येत असेल, तर वेळापत्रक सुधारून हे जाणार नाही. डॉक्टरांना किंवा समुपदेशकांना भेटा. ताप आल्यावर जातो तसंच जायचं. आणि ‘आपण नसतो तर बरं’ असा विचार मनात आला, किंवा स्वतःला इजा करावीशी वाटली, तर त्याच दिवशी, त्याच तासाला, विश्वासाच्या एका मोठ्या माणसाला सांगा आणि एकटे राहू नका. कुणी जवळ नसेल तर तुमच्या भागातल्या हेल्पलाइनला किंवा तातडीच्या सेवेला फोन लावा. मैत्रीण असं काही बोलली तर ‘कुणाला सांगू नकोस’ हे वचन तिला देऊ नका. कोणतीही परीक्षा पुन्हा देता येते किंवा सोडता येते.

पायरी ९: शेवटचे दोन दिवस आणि हॉल

आता नवं प्रकरण उघडायचं नाही. लाल मुद्द्यांचं पान, सूत्रं, आकृत्या, एवढंच. हॉल तिकीट, पेनं, घड्याळ, पाणी आदल्या संध्याकाळी पिशवीत भरून दाराशी ठेवा. रात्री नेहमीच्याच वेळी आडवे व्हा. झोप तुकड्या-तुकड्यांची लागली तरी काळजी करू नका. आधीचे पंधरा दिवस नीट झोपलेल्याचं एका अपुऱ्या रात्रीने फार बिघडत नाही. घड्याळ भिंतीकडे वळवून ठेवा.

पेपर हातात आला की पूर्ण वाचा आणि सर्वांत सोप्या प्रश्नापासून सुरुवात करा. मध्येच डोकं ब्लँक झालं तर पेन खाली ठेवा, पावलं जमिनीवर टेकवा, तीन लांब श्वास सोडा. मग त्या विषयातला कोणताही एक शब्द कच्च्या कामाच्या जागी लिहा आणि त्याच्याभोवती जे सुचेल ते मांडा. एक धागा हाती लागला की बाकीचे मागोमाग येतात. नाहीच आले तर दोन मिनिटांत जागा सोडून पुढच्या प्रश्नाला लागा, आणि शेवटची दहा मिनिटं या सोडलेल्या जागांसाठी राखून ठेवा.

बाहेर आल्यावर उत्तरं जुळवत दाराशी उभे राहू नका. घरी जा, जेवा, वीस मिनिटं पडा. उठल्यावर झालेल्या विषयाची पुस्तकं कपाटात ठेवा आणि पुढच्या विषयाचं लाल मुद्द्यांचं पान काढा.